पंजाबी पेहराव: आधी प्रदेश ठरवावा, मग कापड घ्यावे

मराठी घरांत ‘पंजाबी ड्रेस’ हा शब्द इतका रुळला आहे की कमीज, सलवार आणि ओढणी असे तीन कपडे एकत्र आले की त्यांना आपोआप तेच नाव मिळते, मग कापड सुरतेहून आलेले असो आणि शिलाई गल्लीतल्या शिंप्याकडची असो. पंजाबात त्या तीन कपड्यांना नुसते ‘सूट’ म्हणतात आणि तो कोणत्या भागातला आहे, त्याच्या सलवारीचा घेर किती आहे आणि तो कोणत्या वयाच्या बाईसाठी शिवला आहे, यावर त्याचे रूप बदलते. पुरुषांच्या कपड्यांचेही तसेच आहे. मैत्रिणीच्या लग्नासाठी अमृतसरला किंवा लुधियान्याला जायचे आहे, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात भांगडा किंवा गिद्धा हा बायकांचा नाच बसवायचा आहे, किंवा एक तरी अस्सल पंजाबी पेहराव आपल्या कपाटात असावा अशी इच्छा आहे, अशा वाचकासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

बहुतेक जण सुरुवात भरतकामापासून करतात आणि तिथेच चुकतात. पंजाबी पेहरावाचे खरे सौंदर्य कापड किती वापरले आहे आणि ते अंगावरून कसे पडते यात असते. भरतकाम, गोटा, लटकन हे सारे त्यानंतरचे. त्यामुळे क्रम असा ठेवावा: प्रथम प्रदेश, मग कापड, मग शिलाई आणि सर्वांत शेवटी ओढणी, जुत्ती (पंजाबी चामडी जोडा) व दागिने.

प्रदेश कसा ठरवावा

भारतातील पंजाबचे स्थानिक लोक नद्यांवरून भाग पाडतात. रावी आणि बियास यांच्यामधला अमृतसर, तरनतारन, गुरदासपूरचा पट्टा म्हणजे माझा. बियास आणि सतलज यांच्यामधला जालंधर, कपूरथळा, होशियारपूरचा पट्टा म्हणजे दोआबा. सतलजच्या दक्षिणेचा लुधियाना, पतियाळा, संगरूर, भटिंडा, फरीदकोट, मुक्तसर असा विस्तीर्ण भाग म्हणजे माळवा. मध्य प्रदेशातल्या माळव्याशी याची गल्लत करू नये. रोपड, मोहाली आणि अंबाल्याच्या बाजूचा पुआध हा चौथा भाग. त्याच्या जुन्या कपड्यांवर शेजारच्या हरियाणाची छाया दिसते. १९४७ च्या फाळणीने पंजाबचा मोठा भाग पाकिस्तानात गेला. रावळपिंडी, झेलम, चकवाल यांचा पोठोहार आणि दक्षिणेकडील मुलतान व बहावलपूर हे त्यातले पेहरावाच्या दृष्टीने महत्त्वाचे मुलूख होत.

आज शहरांत हे भेद पुष्कळ पुसट झाले आहेत आणि चंडीगडच्या दुकानात सर्व प्रकार एकाच फळीवर मिळतात. तरीही पेहराव जमवताना एका भागाला धरून राहावे. घेरदार सलवार हवी असेल, तर पतियाळा आणि माळवा डोळ्यांसमोर ठेवावा. गिद्ध्यासाठी जुन्या वळणाचा वेश हवा असेल, तर माळव्याचा घागरा, कुर्ती, फुलकारी म्हणजे रेशमी भरतकामाची ओढणी आणि केसांत सग्गी-फूल हा डोक्यावरचा दागिना असा संच जमतो. पुरुषांसाठी नीटस, कमी घेराचा कुर्ता-पायजमा हवा असेल, तर मुक्तसरी पद्धतीचा मागावा. पतियाळा सलवारीवर राजस्थानी पद्धतीची आरशांची चोळी आणि पायांत कोल्हापुरी चप्पल असा मेळ दिसायला वाईट नसतो. पण तो आपला स्वतःचा मेळ आहे, पंजाबी पेहराव नव्हे, एवढे मनाशी स्पष्ट असावे.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. आज सलवार हीच पंजाबी स्त्रीची ओळख मानली जात असली, तरी जुन्या पंजाबात ‘सुथण’ नावाचा विजारीचा प्रकार घरोघर होता. तो वर सैल आणि घोट्याशी घट्ट असे, आणि त्यासाठी ‘सुसी’ हे पट्ट्यापट्ट्यांचे सुती कापड वापरले जाई. घराबाहेर पडताना बायका सुथणीवरून घागरा चढवीत. पश्चिमेकडील झंग आणि सरगोध्याच्या बाजूला स्त्रीपुरुष दोघेही रुंद काठांचा ‘लाचा’ कमरेला गुंडाळत. विसाव्या शतकाच्या ओघात सलवारीने या सगळ्यांना मागे सारले.

पतियाळा सलवार शिवून घेताना

मराठी शिंप्याकडे ‘पतियाळा शिवा’ म्हणून कापड टाकले, तर बहुधा साध्या सलवारीला चार चुण्या जास्त घालून मिळतात. याचे कारण शिंप्याचे अज्ञान नसून आपण दिलेले अपुरे कापड हे असते. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात साधी सलवार सव्वादोन ते अडीच मीटरमध्ये होते. पतियाळा सलवारीला किमान साडेतीन ते चार मीटर लागते आणि भरघोस घेर हवा असेल, तर पाच मीटरपर्यंत जावे लागते. दुकानात मिळणाऱ्या तयार ‘ड्रेस मटेरियल’च्या संचात सलवारीसाठी अडीच मीटरच्या आसपास कापड असते, त्यात पतियाळा होत नाही, कितीही आग्रह धरला तरी. म्हणून कमीजेचे कापड आणि सलवारीचे कापड वेगवेगळे घ्यावे आणि सलवारीचे तागातून कापून घ्यावे.

कापड मऊ आणि वजनाने हलके हवे. मलमल, व्हॉइल, केंब्रिक, क्रेप यांच्या चुण्या पाण्यासारख्या खाली उतरतात. खळ दिलेले कडक सुती कापड किंवा जाड सिल्क घेतले, तर तेच पाच मीटर कमरेभोवती फुगून बसतात आणि नेसणारी व्यक्ती विनाकारण स्थूल दिसते. सुती कापड शिवायला देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, कारण नंतर आटले तर घेराला फरक पडला नाही तरी उंचीला पडतो.

शिंप्याला सांगायच्या गोष्टी अशा. सलवारीचा वरचा भाग, ज्याला आपल्याकडे बेल्ट म्हणतात, तो सात ते आठ इंच उंचीचा असावा आणि त्याचा घेर नितंबांच्या मापापेक्षा आठ ते दहा इंच जास्त असावा, म्हणजे नाडी सैल केल्यावर तो सहज चढतो. चुण्या या बेल्टच्या खालच्या कडेला बसवतात, कमरेला नव्हे. त्यामुळे पोटावर आणि कमरेवर कापडाचा थर साचत नाही. पुढच्या बाजूला चुण्या मध्याकडे जास्त दाट घ्याव्यात, म्हणजे त्या दोन्ही पायांच्या मधून कमानीसारख्या झोळदार पडतात. हीच पतियाळाची खूण आहे. उंची नेहमीच्या मापापेक्षा इंच-दोन इंच जास्त ठेवावी, कारण झोळ पडला की सलवार वर उचलली जाते. पायाशी येणाऱ्या पट्टीला पंजाबीत ‘पौंचा’ म्हणतात. तिच्यात बकरम घालून वरून समांतर टाके मारावेत, म्हणजे मोहरी ताठ राहते आणि सारा घेर तिच्यावर टेकतो. मोहरी ढिली आणि लुळी असली, तर वरचे सगळे काम वाया जाते.

कमीज या सलवारीवर फार लांब नसावी. गुडघ्यापर्यंत किंवा त्याहून थोडी वर असली, तर चुण्या दिसतात. पोटरीपर्यंत आली, तर चार मीटर कापड कशासाठी घेतले असा प्रश्न पडतो. बाजूचे काप कमरेच्या जरा खालीच सुरू करावेत. ज्यांना घेर नको आहे, त्यांनी उगाच पतियाळाच्या मागे लागू नये. पौंचा नीट असलेली साधी सलवार आणि लांब कमीज हाही पंजाबातला रोजचाच पेहराव आहे आणि वयस्क स्त्रियांना तो अधिक शोभतो.

शिंप्याचा विषय निघाला आहे, तर मराठी वाचकाला आवडेल असा एक धागा सांगायला हवा. आपले संत नामदेव जातीने शिंपी. त्यांनी आयुष्याचा मोठा काळ पंजाबात घालवला, असे परंपरा सांगते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे स्थान मानले जाते आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. पंजाबातील कापड छापणारा आणि शिवणारा छिंबा समाज आजही त्यांना आपला मानतो. तेव्हा तिकडच्या एखाद्या शिंप्याच्या दुकानात नामदेवांची तसबीर दिसली, तर नवल वाटू नये.

फुलकारी ओळखावी कशी आणि कोणती घ्यावी

फुलकारीच्या नावाखाली आज बाजारात जे विकले जाते, त्यातले बरेचसे यंत्रावरचे भरतकाम असते. ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते आणि रोज वापरायला काही वाईट नाही. पण पैसे हातकामाचे द्यायचे असतील, तर ओढणी उलटी करून पाहावी. पारंपरिक फुलकारी कापडाच्या उलट्या बाजूने, कापडातले धागे मोजून भरली जाते. सुईचा लांब टाका सुलट बाजूवर राहतो आणि मागे फक्त बारीक ठिपक्यांसारखे टाके दिसतात, कारण महागडे रेशीम मागे वाया घालवणे कोणाला परवडणारे नव्हते. यंत्राच्या कामात मागच्या बाजूला दुसऱ्या दोऱ्याची दाट, एकसारखी वीण दिसते. दुसरी परीक्षा प्रकाशाची. जुन्या कामात ‘पट’ नावाचे, पीळ न दिलेले रेशीम वापरत. एकाच रंगाचा धागा आडवा आणि उभा भरला की त्यावरून प्रकाश वेगळा परावर्तित होतो आणि एका रंगाच्या दोन छटा भासतात. ओढणी हातात धरून थोडी फिरवावी. छटा बदलली नाही, तर दर कमी करून मागायला हरकत नाही.

आजचे हातकाम बहुधा जॉर्जेट किंवा शिफॉनवर नक्षी छापून, तिच्यावरून भरलेले असते. तेही हाताचेच काम आहे, परंतु धागे मोजून केलेल्या खादीवरच्या कामाशी त्याची तुलना होत नाही. जुन्या फुलकारीचे कापड म्हणजे घरी कातलेल्या सुताची जाडसर खादी, पंजाबीत ‘खद्दर’. माग अरुंद असल्यामुळे दोन किंवा तीन पट्ट्या जोडून एक ओढणी होई. मधोमध शिवण दिसली म्हणून जुना नग नाकारू नये. ती शिवण हाच त्याच्या जुनेपणाचा पुरावा आहे.

फुलकारीचे प्रकार प्रसंगावरून आणि प्रदेशावरून ठरतात आणि इथे निवड जपून करावी. ज्या कापडावर भरतकामाची फुले विखुरलेली असतात आणि मधून खादी दिसते, ती साधी फुलकारी. भरतकामाने सगळे कापड झाकले गेले की तिला ‘बाग’ म्हणतात. एक बाग पुरा व्हायला महिनोन्महिने लागत, म्हणून तो सणासुदीला आणि लग्नालाच बाहेर निघे. ‘बावन बागा’त बावन्न वेगवेगळ्या नमुन्यांचे चौकोन असतात, तो जणू भरणाऱ्या बाईचा नमुनासंग्रहच असतो. ‘चोप’ ही लाल, मोठी आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी फुलकारी आजोळकडून, म्हणजे आईच्या आईकडून, नवरीला मिळते. सासरकडून नवरीला दिला जातो तो ‘वरी दा बाग’. ही दोन्ही वस्त्रे नात्याची आहेत, म्हणून लग्नाला गेलेल्या पाहुणीने हौस म्हणून लालभडक चोप पांघरून मिरवू नये. तिने पिवळ्या, हिरव्या किंवा जांभळ्या जमिनीची साधी फुलकारी घ्यावी.

‘थिरमा’ म्हणजे पांढऱ्या खादीवरची फुलकारी. तिचे चांगले नमुने पोठोहार आणि हजारा या उत्तरेकडील भागांत होत आणि ती पोक्त स्त्रियांना विशेष शोभणारी मानली जाते. ‘सैंची’ ही माळव्याची, भटिंडा-फरीदकोटच्या बाजूची. तिच्यात धागे मोजण्याऐवजी आधी शाईने रेषा काढतात आणि मग गावचे सारे जग भरतात: नांगर धरलेला शेतकरी, चरखा, आगगाडी, हत्ती, ताक घुसळणारी बाई, दागिने. मला विचाराल, तर संग्रहासाठी एकच जुना नग घ्यायचा असेल, तेव्हा बागापेक्षा सैंची घ्यावी. बाग पाहून आपण थक्क होतो, पण सैंची वाचता येते.

पतियाळ्यात फाळणीनंतर विस्थापितांनी वसवलेला त्रिपडी हा भाग फुलकारीसाठी प्रसिद्ध आहे आणि शहरातल्या अदालत बाजारात फुलकारी आणि जुत्त्या दोन्ही मिळतात. याच पतियाळ्याच्या लाजवंती यांना फुलकारीच्या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अमृतसरला असाल, तर कापडासाठी कटरा जयमलसिंगचा बाजार पाहावा.

ओढणी घ्यायची पद्धतही सांगायला हवी. गुरुद्वाऱ्यातील आनंद कारज या शीख विवाहविधीला डोके झाकलेले असावे लागते आणि सगळे जमिनीवर बसतात. म्हणून ओढणीचा मध्य डोक्यावर घेऊन दोन्ही पदर खांद्यांवरून पुढे सोडावेत. एक पदर उलट खांद्यावर टाकला, तर माथा टेकताना ती घसरत नाही. गुळगुळीत शिफॉनला केसांत एक चाप लावून ठेवावा. खादीच्या फुलकारीला चापाची गरज पडत नाही, ती आपल्या वजनानेच जागेवर राहते.

पुरुषांचा पेहराव

भांगड्याच्या वेशात कमरेला जे वस्त्र दिसते, त्याला पुष्कळ मराठी प्रेक्षक धोतर म्हणतात. ते धोतर नव्हे. धोतराचा काष्टा पायांच्या मधून मागे जातो. पंजाबी ‘तहमत’, ‘तंबा’ किंवा ‘चादरा’ फक्त कमरेभोवती गुंडाळला जातो. पांढऱ्या वस्त्राला बहुधा चादरा म्हणतात, तर रंगीत किंवा काठाच्या वस्त्राला तहमत अथवा लाचा. नेसताना वस्त्र मागून कमरेला घ्यावे, दोन्ही टोके पुढे आणावीत, त्यांच्या निऱ्या करून वरची कड पिळून आत खोचावी. गाठ मारत नाहीत. निऱ्या पुढे मध्यावर पडायला हव्यात आणि खालची कड घोट्याच्या खाली, टाचेजवळ यायला हवी. पोटरीवर राहिलेला चादरा लुंगीसारखा दिसतो. नाचायचे असेल, तर नवशिक्याने आतून बारीक पट्टा बांधावा, यात कमीपणा नाही.

वर कुर्ता, त्यावर बिनबाह्यांची जाकिटासारखी ‘फतूही’, गळ्यात मण्यांचा ‘कैंठा’ आणि हातात रुमाल, इतके झाले की वेश पूर्ण होतो. रोजच्या किंवा लग्नाच्या प्रसंगी कुर्ता-पायजमा पुरेसा आहे आणि हिवाळ्यात त्यावर लोकरीची ‘लोई’ किंवा विणीचा जाड सुती ‘खेस’ घ्यावा. डिसेंबर-जानेवारीतली पंजाबची थंडी आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीहून पुष्कळ कडक असते, हे लक्षात ठेवून कपडे न्यावेत.

पग

आपल्याकडची पुणेरी पगडी शिवून तयार असते आणि टोपीसारखी चढवता येते. पंजाबी ‘पग’ दरवेळी नव्याने बांधतात, म्हणून तिची तुलना करायचीच, तर आपल्या फेट्याशी करावी. त्यातही शीख व्यक्तीची दस्तार, म्हणजे तिची पग, ही वेशभूषेची गोष्ट नसून श्रद्धेची आहे. या एका फरकातून वागण्याचे सगळे नियम निघतात: पग जमिनीवर ठेवू नये, दुसऱ्याच्या पगेला गंमत म्हणूनही हात लावू नये आणि बाजारातली तयार चिकटवलेली पग घालून गुरुद्वाऱ्यात जाऊ नये. पाहुण्याने डोक्याला साधा रुमाल बांधला, तरी तो मान राखणाराच असतो. लग्नघरी यजमान स्वतः पग बांधायला पुढे आले, तर मात्र नाही म्हणू नये. दोन मित्रांनी पगांची अदलाबदल केली की ते ‘पगवट’ भाऊ होतात, अशी तिकडची जुनी रीत आहे.

पगेसाठी पाच ते आठ मीटरपर्यंतचे पातळ सुती कापड, बहुधा फुल व्हॉइल किंवा रुबिया, घेतात. बांधण्याआधी दोन माणसे दोन टोके धरून कापड ताणतात आणि लांबीत घड्या घालतात. याला ‘पूणी करणे’ म्हणतात आणि पगेची सफाई निम्म्याहून अधिक त्या घडीवर अवलंबून असते. नंतर एक टोक दातांत धरून, एकावर एक तिरप्या ‘लडी’, म्हणजे थर, चढवत जातात आणि शेवटी ‘सलाई’ या बारीक सळईने कडा आत ढकलून नीट करतात. कपाळावर मध्ये जो लहान त्रिकोण वेगळ्या रंगाचा दिसतो, ती आतली पट्टी असते आणि तिला ‘फिफ्टी’ म्हणतात.

‘पतियाळा शाही’ पग तिच्या काटेकोर, मोजता येणाऱ्या लडींवरून ओळखू येते. १९०० ते १९३८ या काळात गादीवर असलेले पतियाळ्याचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्याशी तिचे नाव जोडले गेले आहे. निहंगांचा, म्हणजे शस्त्रधारी शीख योद्ध्यांचा, उंच, गोल ‘दुमाला’ हा पगेचा प्रकार पाहण्यासाठी पंजाबात जाण्याचीही गरज नाही. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात होला मोहल्ला या शीख सणाच्या दिवशी निळ्या वेशातले निहंग पोलादी चक्रे चढवलेल्या दुमाल्यांसह दिसतात. भांगड्याच्या पगेला वर पंख्यासारखा ‘तुर्ला’ काढतात. तो खळ दिलेल्या कापडाचाच उभा राहतो.

जुत्ती आणि कपड्यांची निगा

पंजाबी जुत्तीत परंपरेने डावा-उजवा भेद नसतो. चामडे पायाच्या आकाराप्रमाणे हळूहळू वळते. म्हणून ती नेमक्या मापाची, किंचित घट्टच घ्यावी, आतून थोडे खोबरेल तेल लावून घरात चार-पाच दिवस वापरावी आणि मगच लग्नाला घालावी. पहिल्याच दिवशी नवी जुत्ती घालून वरातीत नाचणाऱ्याच्या टाचा सोलून निघतात. पतियाळा, मुक्तसर आणि फाजिल्का ही जुत्तीसाठी नावाजलेली ठिकाणे आहेत. सोनेरी ‘तिल्ल्या’चे, म्हणजे जरीच्या तारेचे, काम हवे असेल, तर फाजिल्क्याचे पाहावे. केसांसाठी ‘परांदी’ हा रंगीत दोऱ्यांचा गोंडा वेणीत गुंफतात. तो सलवारीच्या रंगाचा घेतला की पुरे.

जुनी फुलकारी घरी धुऊ नये, कारण पट रेशमाचा रंग फुटतो आणि पांढऱ्या थिरम्यावर तो कायमचा बसतो. इस्त्री उलट्या बाजूने, मधे सुती कापड ठेवून करावी, नाहीतर सुटे टाके इस्त्रीच्या टोकाला अडकतात. ती टांगून ठेवली, तर खादी स्वतःच्या वजनाने ताणली जाते. म्हणून मलमलीत गुंडाळून आडवी ठेवावी आणि पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून, सावलीत हवा देऊन, पहिल्यापेक्षा वेगळ्या जागी घडी घालावी.